सर, ब्रँच बदलता येत नव्हती

आदरणीय सर,



हे पत्र तुमच्या क्लासच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण मग तुम्ही फोन केला असता, चार समजुतीचे शब्द बोलला असता आणि विषय तिथेच मिटला असता. तसं होऊ द्यायचं नाही म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. डिप्लोमाचा निकाल लागला की यंदाही पनवेल, उरण, पेण, कर्जतकडची मुलं आईबापांना घेऊन तुमच्यासमोर बसतील आणि 2024 साली आमच्या मुलीला जे सांगितलंत तेच तुम्ही त्यांनाही सांगाल. तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. कॉलेजचंही लिहिणार नाही, कारण कॉलेजने आम्हाला काही खोटं सांगितलं नाही. माझं गाऱ्हाणं तुमच्याशी आहे. विश्वास तुमच्यावर टाकला होता.

आमची धाकटी 2021 साली दहावी झाली. ती बॅच तुम्हाला आठवत असेल. कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळेच्या मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्याचा निकाल 99.95 टक्के आला. त्या मुलांना नंतर जो तो ऐकवायचा, 'तुमची काय, कोरोनाची दहावी.' नातेवाइकांत, लग्नकार्यात, अगदी किराणा दुकानातसुद्धा. आमच्या मुलीच्या ते फार मनाला लागलं होतं. बारावी न करता तिने डिप्लोमाला प्रवेश घेतला तो कॉम्प्युटरला, आणि सहाही सेमिस्टर अशी काढली की तिला कुणी पुन्हा तसं बोलू नये. तुमच्याकडे ती अप्लाइड मॅथ्सला आली आणि नंतर क्लास सुटला तरी तुम्हाला सोडलं नाही. दर गुरुपौर्णिमेला तुमच्याकडे जाऊन नमस्कार करून यायची. तुम्हीही तिचं कौतुक करायचात, ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या कॅपस्टोन प्रोजेक्टला तिने पनवेल आगारातून सुटणाऱ्या एसटी गाड्यांचं ॲप केलं होतं. त्यासाठी ती एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी वही घेऊन उभी राहायची. अलिबागची कधी सुटते, पेणची कधी, रद्द झालेली फेरी कशी कळवतात, हे सगळं विचारून घ्यायची. नियंत्रक काका आधी वैतागले, मग त्यांनीच तिला चहा पाजला. रात्री आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून ती कोड लिहायची, कारण तिथेच वायफाय नीट मिळायचं. एकदा मी झोपेतून उठून पाणी प्यायला गेले तर ही एकटीच हसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "आई, चाललं." ॲपवर उरणची गाडी बरोबर वेळेला दिसली होती. या मुलीला काय करायचं आहे हे त्या दिवशी मला कळलं. तुम्हालाही ठाऊक होतं. ते ॲप तिने सगळ्यात आधी तुम्हाला दाखवलं होतं.

ज्यांच्या घरात डिप्लोमाचं कुणी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्या मुलाला इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मुलं त्याला डीएसई म्हणतात, डायरेक्ट सेकंड इयर. मंजूर जागांच्या दहा टक्के जास्तीच्या जागा आणि शिवाय ज्या रिकाम्या असतील त्या, एवढ्यावर हे प्रवेश चालतात. म्हणजे साठ जागांच्या तुकडीत जास्तीच्या जागा अवघ्या सहा, आणि त्याही आरक्षणाप्रमाणे वाटल्या जाणार. मुंबईच्या मोठ्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा डिप्लोमाच्या मुलाला का मिळत नाही, हे या आकड्यावरूनच कळतं. मात्र डिप्लोमा कुठल्याही शाखेचा असला तरी डिग्रीला शाखा कुठलीही घेता येते. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकलेली मुलगी सिव्हिलला जाऊ शकते. सोय म्हणून केलेला हा नियम आमच्या मुलीला अडचणीचा झाला.

प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म तुमच्याच केबिनमध्ये, तुमच्याच कॉम्प्युटरवर भरला. तुम्ही मला समोर बसवलंत, पाणी मागवलंत. पर्यायांचा क्रम तुम्ही लावलात. आधी मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजचं कॉम्प्युटर, मग आयटी, मग तिथलंच सिव्हिल आणि त्याच्याखाली पनवेल-नवी मुंबईतल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर. तिने विचारलं, "सर, सिव्हिल कशाला?" तुम्ही म्हणालात, "अगं, आधी कॉलेज पकड. ब्रँच नंतर बदलता येते." माझ्याकडे वळून म्हणालात, "ताई, आयुष्यभर कॉलेजचं नाव चालतं. ब्रँच कोण विचारतं?" मग नवं शैक्षणिक धोरण, क्रेडिट बँक, आता मुलांना कुठूनही कुठेही जाता येतं, हेही सांगितलंत. मी एका खासगी शाळेत मराठी शिकवते, तिचे बाबा तळोजा एमआयडीसीत आहेत. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे नियम आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार? ठाऊक असलेला माणूस समोर बसला होता, म्हणून आम्ही आलो होतो.

पहिल्या फेरीत सिव्हिल लागलं. कटऑफ बघितला तर त्याच फेरीत पनवेलजवळच्या कॉलेजचं कॉम्प्युटर तिच्या गुणांच्या बरंच खाली बंद झालं होतं. म्हणजे ते वर टाकलं असतं तर तिला सहज मिळालं असतं. अजूनही वेळ गेली नव्हती, हातची जागा राखून पुढच्या फेरीत दुसरा पर्याय मागता येत होता. ती धावत तुमच्याकडे आली. "सर, मी बेटरमेंटला जाते, इथलं कॉम्प्युटर वर टाकते." तेव्हा तुम्ही तिला रागावलात. एवढं कॉलेज हातचं सोडतेस का, लोक त्या गेटमधून आत जायला तरसतात, गपचूप फ्रीज कर, ब्रँचचं मी बघतो. 'मी बघतो' हे तुमचे शब्द आहेत. घरी येऊन तिने मला ते अगदी सुटकेचा श्वास टाकत सांगितले होते. तिने जागा फ्रीज केली. फ्रीज केल्यावर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही.

त्याच वर्षी जुलैत सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं होतं. आम्ही त्यात बसत होतो. तुम्ही म्हणालात, फी नाही, काही नाही, मग जवळचं कॉलेज कशाला? त्या निर्णयाचे आम्ही ऋणी आहोत. पण मुलीला हवं ते शिकता यावं म्हणून माफ झालेली फी, तिला नको त्या शाखेत ढकलायला कारण म्हणून वापरली गेली, ही गोष्ट मला आजही खुपते.

कागदपत्रं जमा करायला मी तिच्याबरोबर मुंबईला गेले. तिथल्या कार्यालयातल्या बाई भल्या होत्या. मुलीने विचारलं, "मॅडम, ब्रँच चेंजचा फॉर्म कधी निघतो?" बाईंनी तिच्या कागदांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू डीएसईची ना? डीएसईला ब्रँच चेंज नसतो, बाळ." मग त्यांनी समजावून सांगितलं. ब्रँच बदल मिळतो तो पहिल्या वर्षाच्या गुणांवर, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आणि जागा रिकामी असली तर. तू पहिलं वर्ष इथे केलेलंच नाहीस, मग तुझी गुणवत्ता यादी कशाची लावणार? आणि ब्रँच बदल आटोपल्यावर ज्या जागा उरतात त्याच तर डीएसईला येतात. ती ज्या वाटेने आली होती त्या वाटेवरचं हे दार तिच्या येण्याआधीच बंद झालेलं होतं. बाईंना हे सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नियम इतका साधा होता. इतकी वर्षं या मुलांना शिकवणाऱ्या माणसाला तो माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि माहीत नसेल, तर 'मी बघतो' म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

परतीच्या पनवेल लोकलमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. मानखुर्द गेलं, खाडीचा पूल आला, वाशी आली. नेरुळला म्हणाली, "आई, सरांना विचारते." तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "बघू, काहीतरी मार्ग काढू, तू अभ्यासाला लाग." त्यानंतर तुम्ही तिचा फोन उचलायचं कमी केलंत, आणि मग उचललाच नाहीत. सर, चुकीचा सल्ला कुणाकडूनही दिला जातो. पण ज्या मुलीने तुमच्या सांगण्यावरून हातातली संधी सोडली तिचा फोन न उचलणं, याचं दुःख मला त्या सल्ल्याहून जास्त आहे.

डीएसईचे प्रवेश उशिरा होतात, हे तुम्ही तिला सांगायला हवं होतं. ती वर्गात जाऊन बसली तेव्हा सेमिस्टर बरंच पुढे गेलं होतं. लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवून झालं होतं, फूरिये सिरीज चालू होती. तिच्या डिप्लोमाचं गणित तिथवर नेत नव्हतं. जी मुलं आपल्याच शाखेत येतात त्यांना निदान बाकीचे विषय ओळखीचे असतात. हिला सर्व्हेइंग नवं, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स नवं, जिऑलॉजी नवं. बाकी मुलं सहज लेव्हल लावून स्टाफवरचं माप वाचायची तेव्हा ही यंत्र कुठून धरायचं ते बघत असायची. पनवेलहून पहाटेची लोकल, रात्री परत, आणि मग घरी वर्गमैत्रिणींच्या वह्या उतरवणं. तिने ते केलं. नापास झाली नाही, चांगले ग्रेड काढले. ते ऐकून तुम्ही कुणाकडे तरी म्हणालात म्हणे, "बघा, चाललंय की तिचं छान." सर, ती कष्टाळू आहे म्हणून तुमचा सल्ला बरोबर ठरत नाही.

सिव्हिल हलकं आहे असं माझं म्हणणं नाही, आणि वाचणाऱ्यांनीही तसं समजू नये. ज्या गावाच्या शेजारी अटल सेतू उतरला, जिथे विमानतळ उभा राहून डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली, तिथे राहून स्थापत्याला कमी कसं लेखणार? लोक हेच सांगून आमची समजूत काढतात. 'विमानतळ झालाय, नैनाचं नवं शहर होतंय, सिव्हिलला मरण नाही.' खरं आहे ते. तिच्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांना लहानपणापासून पूल बांधायचे होते. ती त्यांच्याबद्दल फार आदराने बोलते. त्यांच्यातल्याच कुणाची तरी एक जागा तिने अडवली आहे, हेही तिला टोचतं. तिला हवं होतं ते पनवेलजवळच होतं, घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

तुम्ही ज्या धोरणाचा दाखला दिलात त्याबद्दल मी नंतर वाचलं. 29 जुलै 2020 रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झालं, पुढच्या वर्षी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. कल्पना चांगलीच आहे. शिक्षण मधे थांबलं तर मिळवलेले क्रेडिट वाया जाऊ नयेत, दुसऱ्या संस्थेत पुढे शिकता यावं. पण त्या बँकेत क्रेडिट जमा होतात. इंजिनीअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेची जागा त्या बँकेतून मिळत नाही. ती प्रवेश फेरीतूनच मिळते. धोरणाचा एक परिच्छेद आणि प्रवेशाचा नियम यांत हे अंतर आहे, आणि ते सांगणं हेच मार्गदर्शकाचं काम. अंतर लपवून धोरणाचं नाव घेतलं की समोरच्या आईबापांना वाटतं, सरकारच म्हणतंय तर खरंच असेल.

आयआयटी मुंबईने 2025 पासून येणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षानंतरचा ब्रँच बदल बंद केला. वर्षानुवर्षं मुलं ब्रँच बदलेल या आशेवर नको ती शाखा घेत होती, पहिलं वर्ष त्या ताणात काढत होती, आणि बदल मिळायचा मोजक्यांना. तो निर्णय ऐकून खूप जण हळहळले. मला मात्र त्यात प्रामाणिकपणा दिसला. मिळणार नाही, तर मिळणार नाही असं आधी सांगितलं. आता जो तिथे जाईल तो शाखा बघून जाईल. परदेशातही हेच दिसतं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात शिकून मोठ्या विद्यापीठात जायची तयारी करतो आहे. बर्कलेसारख्या ठिकाणी 2023 पासून कॉम्प्युटर सायन्ससारखे गर्दीचे विषय अर्ज करतानाच निवडावे लागतात, आत शिरून मग तिकडे वळणं फार अवघड. नियम कडक आहे, पण तो त्याला अर्ज भरायच्या आधी माहीत आहे. आमच्या मुलीला कडक नियमाचा त्रास झालेला नाही, सर. नियम नाहीच असं सांगितलं गेलं, त्याचा झाला.

कॉलेजने तिला मायनरचा मार्ग दाखवला. डिग्रीबरोबर अठरा जादा क्रेडिट करून दुसऱ्या विषयाची जोड घेता येते. ती ते करते आहे, म्हणजे सगळ्यांचे तास संपले की हिचे आणखी तास. तरीही यंदा इंटर्नशिपचा एक फॉर्म भरायला घेतला तेव्हा शाखेच्या रकान्यात फक्त कॉम्प्युटर, आयटी आणि एआय एवढेच पर्याय होते. सिव्हिल निवडायची सोयच नव्हती. तिने लॅपटॉप मिटला. तुम्ही म्हणाला होतात ना, ब्रँच कोण विचारतं? पहिल्याच रकान्यात विचारली.

आणि आता ज्यामुळे मी लिहायला बसले ते सांगते. तुमच्या क्लासचा मोठा फ्लेक्स लागला आहे. त्यात आमच्या मुलीचा फोटो आहे, डिप्लोमाच्या निरोपसमारंभाचा, निळ्या ओढणीतला. खाली तिचं नाव, डिप्लोमाचे टक्के आणि त्या मोठ्या कॉलेजचं नाव ठळक अक्षरांत. शाखा छापलेली नाही. बाकीच्या काही मुलांच्या नावापुढे 'कॉम्प्युटर', 'आयटी' लिहिलं आहे, तिच्यापुढे काही नाही. म्हणजे कुठे लिहायचं आणि कुठे गाळायचं हे ज्याने तो फ्लेक्स करून घेतला त्याला नीट कळत होतं. ती रोज स्टेशनला जाताना त्याच्याखालून जाते. एकदा तिच्याच जुन्या कॉलेजातल्या एका मुलीने तिला थांबवून विचारलं, "ताई, तू ब्रँच कशी बदललीस? सर म्हणाले, बदलता येते." काय उत्तर दिलं असेल तिने? घरी येऊन तिने मला सांगितलं आणि जेवली नाही. तुम्ही तिला दिलेलं आश्वासन आता तिच्याच फोटोनिशी दुसऱ्या मुलींना दिलं जातं आहे. त्या मुलीला तिने खरं ते सांगितलं. पण रस्त्यावर थांबवून विचारणाऱ्या किती मुलींना ती सांगत बसणार?

माझा राग तुमच्या फीवर नाही, की तुमचा क्लास बंद व्हावा अशी इच्छाही नाही. तुम्ही गणित चांगलं शिकवता, ते मी आजही कुणालाही सांगेन. पण शिकवणं आणि दुसऱ्याच्या मुलीच्या पुढच्या आयुष्याचा पर्यायक्रम लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात चूक झाली तर ती निस्तरायला तुम्ही तिथे नसता, मूल असतं. मोठ्या कॉलेजच्या नावाचा उपयोग तुमच्या क्लासला ताबडतोब झाला. तिला त्या नावाची किंमत रोज मोजावी लागते. हे तुमच्या मनात कधी आलं का, एवढं मला विचारायचं होतं.

तिने मला हे पत्र लिहू नको म्हणून सांगितलं होतं. "जाऊ दे आई, सरांना वाईट वाटेल," म्हणाली. अजूनही तिला तुमच्या वाईट वाटण्याची काळजी आहे.

तुमच्याकडून नुकसानभरपाई नको, माफीही मागत नाही. दोन गोष्टी करा. तो फोटो उतरवा. उतरवायचा नसेल तर नावापुढे 'सिव्हिल' छापा, त्यात कमीपणा काही नाही. आणि यंदाच्या मार्गदर्शन सत्रात, कॉलेजांची नावं घ्यायच्या आधी, मुलांना आणि त्यांच्या आईबापांना स्पष्ट शब्दांत सांगा, की डीएसईने आलेल्यांना ब्रँच बदलून मिळत नाही, म्हणून जी शाखा शिकायची आहे तीच फॉर्ममध्ये वर टाका. आणि ज्या घरांत यंदा हा फॉर्म भरला जाणार आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. 'नंतर बघू' असं कुणीही म्हणालं, तर ज्या कॉलेजचं नाव घेतलं जातं आहे तिथे आधी स्वतः जा, ब्रँच बदलाचा नियम विचारा, लेखी मागा, आणि मगच फ्रीजचं बटण दाबा.

आपली,
आपल्या एका विद्यार्थिनीची आई
पनवेल